बदाम दश्शी

कामाचं काम करणाऱ्या माणसाचं मला भय वाटत नाही. बिनकामाचं काम जो मन लावून करतो, त्याच्यावर मात्र मी नजर ठेवतो. असा एक माणूस माझ्या खोलीत भाड्यानं राहून गेला. त्याला जाऊनही आता बरेच दिवस झाले, पण माझी नजर काही त्याच्यावरून हटलेली नाही.

मी शिकलेला नाही. तिसरीत मास्तरांनी हात उगारला, तो मी जो उठून घरी आलो तो आलोच. सही मात्र मी करतो. अंगठा लावत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सहीचा विषय येणार आहे.

शिक्रापुरात हायवे सोडून जरा आत माझं घर आणि त्याला लागून खोल्यांची चाळ आहे. कंपन्यांतली पोरं येतात, राहतात, लाइटबिलावरून भांडतात आणि जातात. त्यांच्यात हा बायको आणि पोरगी घेऊन आला. गाव दौंड. वय चाळिशीच्या आतबाहेर, चष्मा, दाढी अर्धी पिकलेली. काय करतोस विचारलं तर म्हणाला, "खोकी करतो."

"म्हंजी पुठ्ठ्याचा कारखाना?"

"नाही आबा. खोक्यावर जे दिसतं ते करतो. अक्षरं, चित्रं, रंग."

"म्हंजी पेंटर."

तो हसला आणि म्हणाला, "हां, पेंटर." तेव्हापासून सगळी चाळ त्याला पेंटर म्हणायला लागली. मी त्याच्या हातात ब्रश कधी बघितला नाही. सगळं कॉम्प्युटरवर. चुकीचं नाव ठेवलं तरी जो माणूस हसून घेतो, त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

त्याच्या सवयीही तसल्याच. दुकानातून चहाची पुडी आणली की चहा डब्यात ओतायचा, पुडी फाडून सपाट करायचा, उन्हाला धरायचा आणि आतल्या अंगानं बघत बसायचा. रस्त्यानं ट्रक गेला की मागं लिहिलेलं वाचायचा. एकदा माझा हात धरून मला थांबवलं.

"आबा, तो म बघा. पोट कसं सुटलंय त्याचं."

मी बघितला. म होता.

"बघायला वेळ लागतो आबा," तो म्हणाला. "करायला नाही लागत." हे त्याचं नेहमीचं वाक्य. कुठल्याही गोष्टीला हेच. आणि मला हेच तर कळत नव्हतं, की हा एवढा वेळ बघतोय काय?

आठवडाभर कंपनीत खोक्यांवर डोकं फोडल्यावर माणूस सुट्टीला झोपतो. हा सुट्टीला तेच काम पुन्हा करायचा, घरच्यांसाठी. सासरा रेल्वेतून रिटायर झाला तर ह्यानं पुठ्ठ्याची आगगाडी केली. खिडक्याखिडक्यांत सासऱ्याची माणसं. मधल्या एका स्टेशनात इंजिन सोडवून मागच्या बाजूला जोडायचं आणि गाडी उलटी न्यायची, त्याच्या दौंडला गाड्या फिरतात तशी. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, सासरे मध्यंतरी बायकोवर रुसून वर्षभर आपल्या आईकडं जाऊन राहिले होते. ते घरात कुणी बोलत नाही. सासरा गाडी बघून रडला. सासूनं जावयाशी अबोला धरला.

बायकोच्या वाढदिवसाला त्यानं स्वयंपाकघरातल्या डब्यांना नवी लेबलं करून दिली. कंपनीच्या डब्यासारखी झकपक. मिठाच्या डब्यावर त्यानं स्वतःच्या आईचा फोटो छापला होता. बायको पोट धरून हसली. मी विचारलं, "आन् आई आली म्हंजी?"

"आईच म्हणाली छाप म्हणून. मिठाला आपला हात किती सैल आहे ते तिला ठाऊक आहे."

"ह्या सगळ्याचं तुला मिळतं काय?"

"घरच्यांकडून काय घ्यायचं, आबा."

फुकट काम करणारा माणूस कुणाचा तरी माणूस असतो. हे मी ग्रामपंचायतीच्या राजकारणात शिकलो. तो कुणाचा, एवढंच शोधायचं होतं.

मध्येच त्यानं माझी मयत काढली. त्याच्या पोरीचा पहिला दुधाचा दात पडला. लोक दात कौलावर टाकतात. ह्यानं त्याचा फ्लेक्स केला आणि चाळीच्या फाटकाला बांधला. काळी चौकट, दोन्ही कोपऱ्यांत समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे हार घातलेला दाताचा मोठा फोटो. खाली 'शोकाकुल : उरलेले दात'. आपल्याकडं रस्त्याकडंचा असा बोर्ड खालपर्यंत कोण वाचतं? समया दिसल्या की माणूस गाडी न थांबवताच फोन लावतो. त्यात लांबून तो दात पांढरा फेटा बांधलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. आणि त्या फाटकाच्या आत म्हातारा एकच, मी.

दुपारी कवठे येमाईहून माझा साडू जीप भरून माणसं घेऊन आला. बायकांनी वळणावरच गळा काढला. मी ओट्यावर भाकरी खात बसलो होतो. साडू समोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. मला वर-खाली बघितलं.

"मंग गेलं कोण?"

"दात."

"कुणाचा?"

"पेंटरच्या पोरीचा."

साडूनं मागं वळून बायकांना गप्प केलं. मग म्हणाला, "एवढं लांबून आलोय. आता जेवूनच जातो."

मी पेंटरला बोलायचं ते बोललो. त्यानं फ्लेक्स काढला, घडी घातली. मग म्हणाला, "चुकलंच आबा. पण कोण रडत आलं, कोण नुसतंच आलं आणि कोण आलंच नाही, ते दिसलं की."

ते त्याला कशाला दिसायला पाहिजे? भाडेकरूनं मालकाच्या मयतीला कोण आलं ते मोजायचं काय कारण?

आता माझ्या संशयाला जागा का होती ते सांगतो. हायवेला लागून आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. लिंबाचा तुकडा म्हणतो आम्ही. कांदा करतो, बाजरी करतो. माझ्या बापानं तो राखला, मी राखला. आता तिथून गाड्या जाताना लोक काच खाली करून तुकड्याकडं बघतात. थोरल्या लेकाला तो प्लॉटिंगवाल्याला द्यायचा होता. धाकट्याला त्यावर मंगल कार्यालय बांधायचं होतं. दोघांचं एकमेकांशी कशातच पटत नाही, पण आबाची सही पाहिजे ह्यावर दोघांचं एकमत. थोरला सकाळी चहा घेऊन यायचा, धाकटा संध्याकाळी. आधी वर्षानुवर्षं मला चहा म्हातारीच द्यायची. म्हातारी म्हणजे आमची मंडळी. ती कोपऱ्यात चंची उघडून पान लावत बसायची आणि दोघांचे कप मोजल्यासारखे बघायची. 

अशात एक दिवस मी गच्चीवर गेलो तर पेंटर आणि थोरला डोकं जुळवून मोबाइलमधे बघत होते. मला बघितलं आणि मोबाइल खिशात.

"काय चाललंय?"

"काय न्हाई आबा," थोरला म्हणाला. "असंच. मोबाइल बघतोय."

दोन दिवसांनी धाकट्याबरोबरही तेच. मग पेंटर कॅमेरा घेऊन घरात फिरायला लागला. सुनांचे फोटो, नातवंडांचे, म्हशीचे, विहिरीवरच्या मोटरीचे. मी झोपलेला असताना तोंड उघडं पडलेलं, तेही त्यानं काढलं. चिंचेखाली बसून धाकट्या सुनेला विचारत होता, "घरात कोण कोणाला भितं, वहिनी?" ती हसून म्हणाली, "सगळी आबांना भित्यात. आन् आबा आईंना." हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा मी म्हातारीला विचारलं, "मी तुला भितो व्हय?" ती म्हणाली, "काय की." आणि पान लावत राहिली.

एक दिवस पेंटर मळ्यात आला. मी खुरपत होतो. त्यानं पुढं कागद धरला आणि पेन.

"आबा, ह्याच्यावर एक सही द्या."

कागद कोरा होता.

"कशाला?"

"ते आत्ता नाही सांगता येणार."

मी खुरपं खाली ठेवलं. "पेंटर, माझा बाप अडाणी व्हता. त्याचा अंगठा कुणी कुठं कुठं घेतला ते निस्तरण्यात माझी उमर गेली. म्हणून मी सही शिकलो. आन् तू मला कोरा कागद देतो?"

"बरं, राहू द्या," तो म्हणाला. कागदाची घडी केली, बांधावरून निघून गेला. भांडला नाही, समजावलं नाही. जो माणूस भांडत नाही, त्याच्याकडं दुसरी वाट असते.

मी थोरल्याला म्हणालो, ह्या माणसाला खोली खाली करायला सांग. थोरला म्हणाला, "आबा, पंच्याहत्तरी होऊ द्या. त्यो तुमच्यासाठी कायतरी करतोय." धाकट्याला म्हणालो तर तोही तेच म्हणाला. ही दोघं एका सुरात बोलली, तेव्हाच मी ओळखलं की पाणी मुरतंय.

पंच्याहत्तरीचा कार्यक्रम दारातच होता. मांडव घातला, पंच्याहत्तर दिवे लावून सुनांनी ओवाळलं. मांडवगण फराट्याची माझी बहीण आली, कवठ्याचा साडू आला. मला बघून म्हणाला, "ह्या बारीला बोर्ड नीट वाचून आलोय." जेवणं झाली. तेवढ्यात थोरल्यानं एक माणूस माझ्या पाया पडायला आणला. पांढरा शर्ट, काखेत प्लास्टिकची फाइल.

"आबा, हे माझे मित्र. शिरूरला असत्यात. कागदपत्राची कामं करत्यात."

"आज कुणाची कामं हायेत?" मी विचारलं.

"काय न्हाई आबा, आशीर्वाद घ्यायला आलो," तो माणूस म्हणाला. आशीर्वादाला कुणी फाइल घेऊन येत नाही.

मग पेंटर पुढं आला. हातात तंबाखूच्या पुडीसारखं दिसणारं छोटं खोकं. वर माझं नाव, खाली 'खास घरगुती माल'. मी उघडलं. आत पत्ते.

आमच्या घरात सगळी मेंढीकोट खेळतात. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. दोघं दोघं भिडू. राजा, राणी, एक्का सगळं आहे, पण डाव सगळा दश्श्यांवर. ज्यांनी जास्त दश्श्या धरल्या ते जिंकले. चारही धरल्या तर कोट.

मी पत्ते चाळायला लागलो. दुरी, तिरी, चौकीवर आमची म्हैस, मोटर, चिंच, थोरल्याची मोटारसायकल. गुलाम म्हणजे नातवंडं. राण्या म्हणजे सुना. राजे दोन थोरला, दोन धाकटा. चारही एक्के म्हातारी. मी मला शोधत होतो. सापडलो ते दश्श्यांवर. चारही दश्श्या मी. एकात फेटा बांधलेला, एकात रागावलेला, एकात कांदा निवडताना, आणि बदाम दश्शीवर तोंड उघडं टाकून झोपलेला.

सगळी हसली. मला राग आला. "घर माझं. राजा मी पायजे व्हतो."

पेंटर म्हणाला, "राजाला काय करायचंय आबा? राजा असतो दश्शी उचलायला. डाव कशासाठी चाललेला असतो ते बघा की."

"आन् एक्का आई का?" धाकट्यानं विचारलं.

"एक्का खाली पडला की राजाचं काही चालत नाही. म्हणून."

म्हातारीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मी पत्ता उलटा केला. पाठीवर माझी सही होती. सगळ्या पत्त्यांच्या पाठीवर. मी दिली नव्हती ती सही. पत्ता डोळ्यांजवळ नेला. मग ओळखलं. चाळ बांधली तेव्हा ओट्याचं सिमेंट ओलं असताना मी खिळ्यानं सही ओढून ठेवली होती, माझं घर आहे म्हणून. तिच्यावरून माणसं रोज चपला घेऊन जातात. ती ह्यानं उचलली. म्हणजे सही चोरता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

"खेळून बघा की," पेंटर म्हणाला. आणि थोरल्याला म्हणाला, "पाहुण्यांनाही बसवा."

हे वाक्य मी विसरलेलो नाही.

सतरंजीवर डाव बसला. थोरला आणि तो फाइलवाला भिडू. समोर धाकटा आणि धाकटी सून. मी खुर्चीवर, म्हातारी माझ्या पायाशी चंची घेऊन. पत्ते वाटले, आणि बघतो तर सगळ्यांच्या हातात माझी सही.

"आबाला काढ की बाहेर," थोरला म्हणाला.

"कशाला काढू? माझ्यापाशी सुखात हाय," धाकटा.

"हुकूम खेळा साहेब, पडतोय आबा."

"दाबून ठिवा वो," धाकटी सून नवऱ्याला म्हणाली. "शेवटाला काढू."

"आला. एक आबा आला. आजून तीन."

साडू तर गुडघ्यावर थापा मारून हसत होता. मीही आधी हसलो. खेळच होता. मग फाइलवाल्यानं राजा टाकला. थोरल्याच्या तोंडाचा राजा. त्याच्याखाली धाकट्या सुनेची बदाम दश्शी सापडली, मी झोपलेलो होतो ती. फाइलवाल्यानं चार पत्ते गोळा केले, आपल्याकडं पत्ते ठेवतात तसे मांडीखाली सरकवले आणि वर मांडी घट्ट केली.

"आबा आपले झाले," तो थोरल्याला म्हणाला.

मी त्या मांडीकडं बघत राहिलो. ज्याचं नावही मला माहीत नाही असा माणूस, माझ्याच दारात, माझ्याच सतरंजीवर, मला मांडीखाली घालून बसला होता. आणि माझा लेक हसून त्याला टाळी देत होता.

मी उठलो. गेलो, वाकलो, त्याच्या मांडीखालून पत्ते ओढले. बदाम दश्शी काढून बंडीच्या खिशात घातली. बाकीचे सतरंजीवर टाकले.

"आबा, खेळ हाय वो," थोरला म्हणाला.

"खेळच हाय. पर ह्या गड्याच्या मांडीखाली मी बसायचो न्हाई."

"अवो, एक पत्ता—"

"आन् ती फाइल. ती गाडीत ठिवून या पावणं. आज न्हाई, उद्या न्हाई. मी हाय तवर लिंबाच्या तुकड्यात कांदा."

फाइलवाल्यानं फाइल उचलली. धाकट्याच्या तोंडावर हसू येत होतं. मी त्याच्याकडं वळलो. "तू पण दात काढू नको. तू मला दाबून ठिवलं व्हतं. मंगल कार्यालय पण न्हाई."

फाइलवाला चहा न घेता गेला. थोरला महिनाभर बोलला नाही. चहा पुन्हा म्हातारी द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी पेंटरला ओट्यावर गाठला. चहाची पुडी सपाट करत होता.

"खरं सांग. त्यो फाइलवाला येणार हे तुला ठावं व्हतं?"

"मी खोकी करतो आबा. आत काय आहे ते मालकाला माहीत."

"सरळ बोल."

"सरळच बोलतोय. बघायला वेळ लागतो." आणि पुडी उन्हाला धरून आतून बघायला लागला.

एवढंच. ना हो, ना नाही. तो थोरल्याचा माणूस होता म्हणावं, तर त्यानं थोरल्याचाच डाव मोडला. माझा माणूस म्हणावं, तर माझी सही त्यानं न विचारता उचलली. कुणाचाच नसेल म्हणावं, तर मग इतका खटाटोप कशाला?

पुढं त्याला दौंडकडं काम मिळालं आणि तो खोली सोडून गेला. जाताना मीटरच्या पेटीवर एक लेबल चिकटवून गेला. सुबक अक्षरं, कंपनीच्या मालावर असतात तशी. 'आबा बघतायत'. तेव्हापासून लाइटबिलावरून भांडणं कमी झाली, हे खरं आहे. ते लेबल मी काढलेलं नाही. उगाच रंग निघेल.

दश्शी एक कमी, म्हणून त्या पत्त्यांवरचा मेंढीकोट बंद पडला आणि पत्ते पुन्हा कुणी मोजलेच नाहीत. थोरल्याला ते खुपत होतं. त्यानं दौंडला फोन करून पेंटरकडं नवी बदाम दश्शी मागितली. मी शेजारीच बसलो होतो. पेंटर म्हणाला, फाइल उडाली. कॉम्प्युटर बिघडला, आता तसा पत्ता निघणार नाही. ज्याच्याकडं चहाच्या पुड्यासुद्धा जपून ठेवलेल्या असतात, त्याच्याकडची फाइल उडते? मला नाही पटत. पण मी थोरल्याला काही बोललो नाही.

दश्शी अजून माझ्या बंडीच्या खिशात असते. घामानं कडा मऊ पडल्यात. झोपलेला आहे, तोंड उघडं आहे, पण आहे माझ्याजवळ.

मागल्या आठवड्यात सुपारी पाहिजे होती म्हणून मी म्हातारीची चंची उघडली. अडकित्त्याखाली, चुन्याच्या डबीला टेकून, काहीतरी घडी न घालता जपून ठेवलेलं होतं. ओढून बघितलं. बदाम एक्का. तिचाच फोटो, पाठीवर माझी सही. म्हणजे डाव मोडला त्याच दिवशी, मी सतरंजीवर पत्ते टाकले आणि सगळी माझ्याकडं बघत बसली, तेव्हा हिनं हात घातला होता. आणि आजवर मला पत्ता लागू दिला नव्हता.

"हा कशाला घेतलास?" मी विचारलं.

म्हातारीनं एक्का माझ्या हातातून काढून घेतला, चंचीत ठेवला, दोरी आवळली.

"उद्या कुणाच्या चहाला भुलून दश्शी द्याल काढून. तुमचा काय भरवसा," ती म्हणाली.